उसाच्या पोटातलं पीक

गांजाचं नाव काढलं की आजच्या पोरांना पोलिसाची गाडी, पंचनामा आणि पेपरातली बातमी आठवते. माझ्या आजोबांना खळं आठवायचं. त्यांच्या लहानपणी आमच्या नगर जिल्ह्यात गांजा हे एक पीक होतं. ज्वारी, बाजरी, करडई तसं. फरक एवढाच की त्याला सरकारचा परवाना लागायचा आणि खळ्यावर अबकारीचा शिपाई बसायचा. "शिपाई झाडाखाली घोरायचा अन् माणसं माल तुडवायची," असं आजोबा हसत सांगायचे. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांच्या बोलण्यात कधी आलं नाही.

आता याच पिकापायी आमच्या गावातला एक सरळ माणूस चार वर्षं तुरुंगात गेला. त्या माणसाची ही हकिकत आहे. पण ती सांगायच्या आधी पिकाची हकिकत सांगितली पाहिजे, नाहीतर माणूस समजणार नाही.

इंग्रजांच्या काळात तीन मुलखांतला गांजा नावाजलेला होता. एक बंगालमध्ये राजशाहीकडचं नौगाव, ते आता बांगलादेशात आहे. दुसरा निमाडातला खांडव्याचा. आणि मुंबई इलाख्यात मुख्य लागवड आमच्या नगर जिल्ह्यात, थोडी साताऱ्याकडे. पावसाळ्यात पेरणी व्हायची. झाडं वाढली की नर झाडं ओळखून उपटून टाकायची, कारण नर राहिला तर मादीत बी धरतं आणि बियाच्या मालाला कुणी विचारत नाही. हे ओळखणं सोपं नव्हतं. नौगावला त्यासाठी खास पारखी माणसं होती, ती शेतोशेत फिरायची. थंडीत फुलोरा धरला की कापणी, मग खळ्यावर ढीग घालून पायांनी तुडवणं आणि वाळवणं. माल सरकारच्या नजरेखाली जायचा, त्यावर कर बसायचा आणि परवान्याच्या दुकानातून विकला जायचा. शेतकऱ्याचं नाव, क्षेत्र, वजन सगळं कागदावर असायचं.

१८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला की हिंदुस्थानात गांजा-भांग चालते, त्याने लोक बिघडतात, तर ती बंद का करू नये. सरकारनं सात जणांचं कमिशन नेमलं. मॅकवर्थ यंग नावाचे साहेब अध्यक्ष आणि सातांत तीन हिंदी माणसं. त्यांनी देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या. डॉक्टर, कलेक्टर, मिशनरी, व्यापारी, वेड्यांच्या इस्पितळांचे अधिकारी, सगळ्यांना विचारलं. १८९४ ला अहवाल झाला. माझा एक पुतण्या वकील आहे. त्यानं तो इंग्रजी अहवाल मला अर्थ लावून सांगितला. सार असं की बेतानं घेणाऱ्याला फारसा अपाय दिसत नाही, अति करणाऱ्याला होतो. एकदम बंदी घालण्याची गरज नाही आणि ते शहाणपणाचंही नाही. लागवड मोजक्या जागी ठेवा, कर वाढवा, देखरेख ठेवा. म्हणजे पीक राहिलं, पण त्याच्याभोवतीचं कुंपण आवळत गेलं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला, त्यात गांजाही आला. आमच्याकडची परवान्याची शेती संपली. पुढे १९६१ ला जगातल्या देशांनी मिळून अमली पदार्थांचा एक करार केला. त्यात भारतानं सही केली. गांजाची चाल हळूहळू बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत होती. ती संपत आली तसा दिल्लीत नवा कायदा झाला आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून देशभर लागू झाला. पोलीस आणि वकील त्याला एनडीपीएस म्हणतात. या कायद्यानं झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा ठरवला. नुसता पाला, ज्याची भांग होते, तो त्या व्याख्येतून बाहेर ठेवला. पण झाड लावणं हाच गुन्हा झाला. आधी लागवडीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती. २००१ च्या दुरुस्तीनं ती दहा वर्षांपर्यंत गेली आणि दंड एक लाखापर्यंत.

कायदा बदलतो त्या दिवशी गावाचं मन बदलत नाही. मठामागं एखादं झाड असायचं. यात्रेत साधू चिलीम ओढायचे, लोक त्यांच्या पाया पडायचे. वारकरी मंडळींना ते आवडायचं नाही, पण कुणी कुणाला अडवत नव्हतं. त्यामुळं आमच्या पिढीला दारू काढणारा माणूस वाईट वाटायचा, तसं गांजाच्या झाडाचं वाटत नव्हतं. नाना घसरले त्याची एक पायरी इथं आहे.

नाना म्हणजे माझ्या भावकीतले. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, मीही तेवढंच लिहितो. त्यांनी स्वतःच सांगितलं, "लिही, पण नाव घालू नको. पोरीच्या पोरांची लग्नं व्हायचीत." आमचा बांधाला बांध आहे. शेतीला रात्रीची लाईट असते तेव्हा दोघंही मोटारी चालू करून बांधावर बसतो. तुरुंगातून आल्यावर त्यांनी मला हे सगळं अशा रात्रींमध्ये थोडं थोडं सांगितलं.

आमचं गाव प्रवरेच्या कालव्याच्या टेलला. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालं तेव्हापासून या पट्ट्यात ऊस आहे, पण पाणी वरच्या गावांचं भागून उरलं तर आमचं. आवर्तन सुटलं तरी आमच्यापर्यंत येता येता पाटकऱ्याला चहा पाजावा लागतो. नाना आणि त्यांचे धाकटे भाऊ यांची मिळून सहा एकर, सातबारा सामाईक. दोन एकर ऊस, बाकी ज्वारी, घास, थोडा कांदा. नाना सोसायटीचं कर्ज वेळेवर भरणारे, सावडीला सगळ्यात आधी येणारे, सप्ताहात वीणा धरणारे. सुपारीचंही व्यसन नाही. गांजा तर त्यांनी जन्मात ओढला नाही.

१९९८ ला कांद्याला सोन्याचा भाव आला. ते बघून आमच्याकडं पुढच्या साली जो तो कांद्याकडं वळला. नानांनी तीन एकर लावला. भाव पडला. मार्केटला नेलेल्या गाडीचं भाडं निघालं नाही, राहिलेला कांदा मेंढ्यांना सोडला. त्याच उन्हाळ्यात मुलीचं लग्न ठरलेलं. सोसायटी थकली म्हणून नवं कर्ज मिळेना. लग्न सावकाराच्या पैशावर झालं, शेकडा पाच रुपये महिना. आणि विहिरीची मोटार जळाली ती त्याच वर्षी.

आठवडे बाजारात एक शेळ्यांचा व्यापारी यायचा. बोलायला गोड, व्यवहाराला चोख. नाना त्याला एक गाभण शेळी विकायला गेले होते. पैसे मोजून देताना तो म्हणाला, "नाना, शेळ्या किती दिवस विकाल? उसात सहा झाडं लावा. बी मी देतो, माल मी नेतो. तुम्ही फक्त पाणी द्या."

नाना मला म्हणाले, "सहा झाडं म्हंजे काय रे? बांधाला शेवगा लावावा तसं. मी म्हनलं, मठामागं हायेच की एक. त्याला कोन काय म्हनतंय?"

ही पहिली पायरी. वर्ष २०००. ऊस पुरुषभर झाला होता. त्याच्या पोटात, बांधापासून दहा-बारा सऱ्या आत, नानांनी सहा झाडं लावली. थंडीत तो माणूस रात्री आला, झाडं कापून पोत्यात भरली आणि नानांच्या हातावर चार हजार रुपये ठेवले. त्या साली त्यांच्या खोडव्याच्या एका एकरात सगळं कापून जाऊन तेवढे राहिले नव्हते. पैसे सावकाराला गेले. कुणाला कळलं नाही. नाना म्हणतात की त्या रात्री त्यांना भीती वाटली नाही, उलट झोप चांगली लागली. आधीचे सहा महिने लागत नव्हती.

दुसऱ्या साली एक गुंठा. व्यापाऱ्यानं यावेळी आधीच दोन हजार दिले. नानांनी मागितले नव्हते. याला आमच्याकडं उचल म्हणतात. ऊसतोडीच्या मजुराला मुकादम देतो, साखर कारखाना ऊस घालणाऱ्याला देतो, तशीच ही. उचल देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा पाय अडकतो, हे ऊसपट्ट्यातल्या पोरालाही कळतं. नानांनाही कळत होतं. पण विहिरीची मोटार भरायची होती. त्याच ऑक्टोबरात दिल्लीत शिक्षा दुप्पट झाली. नानांना ती बातमी चार वर्षांनी वकिलाकडून कळली.

तिसऱ्या साली, २००२ ला, पाच गुंठे. आणि एक नवीन काम. व्यापारी म्हणाला, "दुसऱ्याचा थोडा माल हाय, चार दिवस तुमच्या कडब्यात राहू द्या." नानांनी गंजीच्या पोटात पोती ठेवली. चार दिवसांचे वीस दिवस झाले. मग एकदा तो म्हणाला, "मला तिकडून येता येत नाही, तुम्ही दुधाच्या कॅनमध्ये घालून फाट्यापर्यंत आणा." नानांनी तेही केलं. पुढं दोन कॅन दूध आणि मागं एक कॅन दुसऱ्याच मालाचा. फाट्यावर एक गाडी उभी असायची. गाडीवाला बोलायचा नाही. कॅन घ्यायचा, रिकामा कॅन द्यायचा.

मी त्यांना विचारलं, "नाना, लावलं इथवर समजलं. पण फाट्यावर नेताना वाटलं नाही का काही?"

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लावताना मी शेतकरी व्हतो. ठेवताना म्हनलं, उपकार करतोय. कॅन उचलला तवा कळलं की आता आपन हमाल झालो. पन तवर त्याचं सात हजार अंगावर व्हतं."

शेती ही उघड्यावरची गोष्ट आहे. कुणाच्या रानात काय पेरलंय, कुठं तण झालंय, कुणाचं खत कमी पडलंय हे रस्त्यावरून दिसतं आणि लोक ते बोलतातही. या उघडेपणावर सावड चालते. आज माझ्या रानात चार घरची माणसं, उद्या त्यांच्या रानात मी. ज्याला लपवायचंय त्याला सावड नको होते. नानांनी खुरपणीला माणसं बोलावणं बंद केलं. "घरच्या घरी होतंय," म्हणायचे. मग दुसऱ्याकडं जाणंही कमी झालं. उसाला पाणी द्यायला भावालाही जाऊ देईनात, रात्रीच्या पाळ्या स्वतः धरायचे. कुत्रं पाळलं. सप्ताहाला यायचे, पण वीणा दुसऱ्याच्या हातात द्यायचे. लोकांना वाटलं, कर्जानं माणूस खचला. तेही खोटं नव्हतं.

नानीला पहिल्या सालापासून काहीतरी आहे हे ठाऊक होतं. काय आहे ते तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ती मला एवढंच म्हणाली, "घरात पैसा आला अन् बोलणं गेलं."

आणखी एक खूण होती. ऊस तयार झाला की आमच्याकडं सगळं गाव कारखान्याच्या चिटबॉयच्या मागं लागतं. तोड लवकर मिळावी म्हणून त्याला जेवण, त्याच्या गाडीत पेट्रोल, काय काय करावं लागतं. तोड लांबली की ऊस वाळतो, वजन घटतं. या सगळ्या गावात एक माणूस असा की चिटबॉय स्वतः म्हणतोय, "नाना, उद्या टोळी घालू का?" आणि नाना म्हणतात, "राहू दे पंधरा दिवस." चिटबॉयनं ते चारचौघांत हसत सांगितलं होतं. सगळे हसले. नानांना फुलोरा पुरा होईपर्यंत ऊस उभा हवा होता, हे त्या हसणाऱ्यांत कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

२००३ ला नानांनी थांबायचं ठरवलं. सावकार फिटत आला होता. बाजारात त्यांनी व्यापाऱ्याला सांगितलं, "या साली नको." तो रागावला नाही. म्हणाला, "ठीक हाय. मग उचल परत द्या. अन् कॅन कोन आनत व्हतं ते फाट्यावरच्या चार जनांला ठावं हाय, तेवढं ध्यानात ठेवा." पहिल्या दिवशी गोड बोलला होता, त्याच आवाजात. नानांकडं परत द्यायला पैसे नव्हते. जुलैत पुन्हा पाच गुंठे लागले.

पण त्या वर्षी निसर्गानं सगळं उघडं करायचं ठरवलं होतं. आदल्या वर्षापासून उसावर लोकरी मावा आला होता. पानाच्या मागं पांढरी लोकर चिकटल्यासारखी, वरून काळी बुरशी. सांगलीकडून सुरू झाला आणि बघता बघता राज्यभर पसरला. त्यात पावसानं दुसऱ्या सालीही दगा दिला. पाटाला आवर्तन नाही, विहिरी तळाला. ऊस कमरेएवढा खुरटला आणि वाळून भुरका पडला. अनेकांनी तो जनावरांना घातला. नानांच्या विहिरीला जे घागरभर पाणी यायचं ते त्यांनी उसाला न देता त्या पाच गुंठ्यांना दिलं. न देऊन चालत नव्हतं. म्हणजे चहूकडं भुरकट रान आणि मधोमध एक हिरवा ठिपका. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, तसं झालं.

माव्याची पाहणी करायला कृषी खात्याची आणि कारखान्याची माणसं गावोगाव फिरत होती. मावा खाणारे मित्रकिडे सोडायचे, कुठं फवारणी करायची, याची यादी करत होती. सगळे म्हणत होते, आधी माझ्या रानात या. नाना म्हणाले, माझ्याकडं मावा नाही. आता शेजारच्या चारी बाजूंना मावा आणि मधल्या उसाला नाही, हे कुणाला पटेल? कृषी सहाय्यक नवा पोरगा होता, काम मनापासून करणारा. नाना घरी नसताना तो बांधावरून आत गेला.

त्यानं कळवलं. गावात काही लोक त्याला नावं ठेवतात, ते मला पटत नाही. कायद्यात कलमच आहे की सरकारी नोकर, पंच, सरपंच आणि गावचा कुठलाही अधिकारी असो, अशी लागवड दिसली की ताबडतोब कळवणं हे त्याचं कर्तव्य. त्यानं ते केलं.

नोव्हेंबरातली सकाळ होती. पोलीस, तहसील कचेरीतला अधिकारी, पंच, फोटोवाला आणि वजनकाटा. झाडं मुळासकट उपटली. मुळ्या, माती, खोड सगळं धरून दीडशे किलोच्या वर भरलं. पेपरात "लाखोंचा गांजा जप्त" असं आलं. नानांनी चार सालांत हातात आलेल्या पैशांचा हिशोब मला बोटांवर करून दाखवला आहे. उचल धरून एक्केचाळीस हजार. त्यातले तीस सावकाराला गेले.

मग सातबारा बाहेर निघाला. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातवर जमीन कुणाची ते, बारावर पीक कोणतं ते. बारावर लिहिलं होतं, ऊस. ते खोटं नव्हतं. सातवर दोन नावं होती, नाना आणि धाकटा भाऊ. म्हणून दोघांनाही नेलं. धाकट्याला काही माहीत नव्हतं. त्यानं नानांकडं बघितलं, ते बघणं मी तिथं उभा राहून पाहिलं. एक शब्द बोलला नाही.

या कायद्यात नेहमीच्या कायद्यापेक्षा उलटं आहे. चोरीच्या खटल्यात चोरी केली हे सरकारनं सिद्ध करायचं असतं. इथं कसलेल्या जमिनीत झाड उभं सापडलं की उलट सिद्ध होईपर्यंत कोर्ट तुम्हालाच गुन्हेगार धरू शकतं. माझ्या पुतण्यानं हे समजावून सांगितलं तेव्हा नाना म्हणाले, "म्हंजे झाडच साक्षीदार." धाकट्याला तीन महिन्यांनी जामीन मिळाला. पुढं निकालात तो सुटला, कारण सामाईक जमिनीत तो तुकडा त्याच्या ताब्यात होता हे सिद्ध झालं नाही. नाना आतच राहिले. २००५ ला निकाल लागला, चार वर्षं सक्तमजुरी आणि दंड. न्यायाधीशांनी वय, आधी कसलाही गुन्हा नसणं हे पाहिलं म्हणून चार, असं वकील म्हणाले. दंडासाठी आणि वकिलासाठी एक एकर गेली.

आता व्यापारी. नानांनी पोलिसांना सगळं खरं सांगितलं. पण सांगण्यासारखं काय होतं? त्याचं खरं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. बाजारात सगळे त्याला शेठ म्हणायचे. गाडीचा नंबर नानांनी कधी पाहिला नाही. चार सालांत एक चिठ्ठी नाही, एक पावती नाही. झाड उपटलं त्या आठवड्यापासून तो बाजारात दिसला नाही. खटल्याच्या कागदांत त्याच्यासाठी एक ओळ आहे, "अनोळखी इसम." आजोबांच्या काळी या पिकात शेतकरी, दुकानदार, शिपाई सगळ्यांची नावं वहीत असायची. आता सगळ्या साखळीत नाव फक्त एकाचं उरलं, कारण त्याची जमीन उचलून नेता येत नाही. बाकीचे अंधारात आले आणि अंधारात गेले. माल कुणी ओढला, कुठल्या शहरातल्या कुठल्या पोरानं, त्याचं काय झालं, हे तर नानांना कधीच कळणार नाही. एका रात्री ते स्वतःच म्हणाले, "मी इख पेरलं का नाय ते बी मला माहीत नाही. पेरणाऱ्याला तेवढं तरी माहीत पायजे."

२००७ च्या दिवाळीनंतर नाना परत आले. भावानं तोवर वाटणी करून घेतली होती. त्याला दोष देता येत नाही, तीन महिने त्यानं विनाकारण भोगले होते. मुलगी सासरहून सहा वर्षं आली नाही. मुलगा आयटीआय अर्धवट सोडून पुण्याला गेला, तो तिथंच राहिला. पण मला सगळ्यात जड वाटलं ते वेगळंच. खुरपणीचे दिवस होते आणि सावडीची घरं मोजताना कुणी नानांचं घर मोजलं नाही. कुणी मुद्दाम टाकलं असंही नाही. पाच-सहा सालं ते नव्हतेच, त्यामुळं मोजायची सवय गेली होती. शेवटी नानी एक दिवस न बोलावता विळा-खुरपं घेऊन आमच्या रानात येऊन बसली आणि खुरपायला लागली. दुसऱ्या दिवशी आमच्या घरची दोन माणसं तिच्याकडं गेली. तेवढ्यावर ते घर पुन्हा धरलं गेलं.

२०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज केला की कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, तर मला गांजा लावायची परवानगी द्या. परवानगी काही मिळाली नाही. सगळ्या पेपरांनी ती बातमी छापली. आमच्या पारावर लोक हसत होते, कुणी म्हणालं प्रसिद्धीसाठी केलंय. नाना शेजारी बसले होते. ते हसले नाहीत. म्हणाले, "हसू नका. त्यानं कागदावर मागितलं. मी कुनालाच काय विचारलं नाही. सोसायटीला नाही, भावाला नाही, बायकोला नाही. एकाला जरी विचारलं असतं तर त्यानं मला येड्यात काढलं असतं अन् मी वाचलो असतो."

पारावरची पोरं गप्प झाली. मलाही यापरतं शहाणपण सुचत नाही. भाव पडणं आपल्या हातात नाही, पाऊस आपल्या हातात नाही. ज्या साली कांदा मेंढ्यांना घालावा लागतो त्या साली बाजारात कुणीतरी गोड बोलणारा भेटतोच, आणि तो "फक्त सहा झाडं" म्हणतो. तो जे सांगतो ते घरी येऊन बायकोला, भावाला, निदान बांधाच्या शेजाऱ्याला मोठ्यानं सांगता येतं का, एवढं बघावं. सांगता येत नसेल तर ते पीक आपलं नाही. नाना आता पंच्याहत्तरीच्या पुढं आहेत. राहिलेल्या दोन एकरात घास आणि ज्वारी करतात. ऊस त्यांनी परत लावला नाही. म्हणतात, आरपार दिसेल असंच रान बरं.